दारातला रातकिडा

पिएद्रा सोला निवारा, बारिलोचे
८ जून १९९६

प्रिय वहिनी,

हिवाळ्यासाठी निवारा उघडून आठवडा झाला. सेल्सोबाबा उद्या घोडा घेऊन खाली जातोय, म्हणून घाईनं लिहिते आहे. माझी घाई म्हणजे काय, तुला माहीत आहे. दोन कागद आधीच चुलीत गेले.

तुझ्या अनाईचं मला पत्र आलं. ते तुला ठाऊक आहे का, हे तिनं लिहिलेलं नाही. तुझ्या पाठीमागे तिच्याशी काही ठरवणं मला पटत नाही, म्हणून आधी तुला विचारते. जुलैच्या सुट्टीत तिला इथं यायचंय. नुसतं यायचं नाही, बर्फात वर जायचंय, आणि तेही दादाच्या सामानावर. त्याच्या स्की, चढताना त्यांच्या तळाला चिकटवायची त्याची कातडी, आणि त्याचा रातकिडा, बर्फात गाडलेला माणूस टिकटिकीवरून शोधायचं ते छातीवरचं यंत्र. रातकिडा माझ्याकडे आहे असं ती धरून चालली आहे. बचाव पथकानं दिलेल्या पिशवीत तो तुझ्या कपाटात आहे, हे तिला माहीत नाही. मी कळवलेलंही नाही.

स्की माझ्याकडे आहेत. एक तो सापडला तेव्हा त्याच्या पायात होती, दुसरी पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यात सापडली, हे तू विसरली नसशील. काल दोन्ही बाकावर घेतल्या. कडा गंजल्या होत्या, त्या कानसेनं घासल्या. ओढ्यातली स्की शेपटीकडे वाकवून पाहिली. पाणी शिरून लाकडाचा पदर सुटला असेल, असं वाटत होतं. खरं सांगायचं तर मनातून तो सुटलेला असावा अशीच इच्छा होती, म्हणजे मला काही ठरवावं लागलं नसतं. नाही सुटलेला. दादा सामान निवडताना घाई करायचा नाही.

तेव्हा तूच सांग.

इकडे पद्धत तीच आहे. रोज सकाळी निघण्याआधी मी दारात उभी राहते, दादा राहायचा तशीच. सगळ्यांच्या छातीवरचे रातकिडे 'सांग'वर, फक्त माझा 'ऐक'वर. एकेक जण समोरून जातो, माझ्या कानात टिकटिक येते, मी मान हलवते आणि तो बाहेर पडतो. ज्याची टिकटिक नाही, त्याला आत बसवते. काल एक इंजिनिअर चिडला. म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेतल्या हेडमास्तरीण आहात का?" मी म्हटलं, "हो, आणि तू बर्फाखाली गेलास तर हजेरी मलाच घ्यायची आहे." हे वाक्य दादाचं. मी उसनं घेतलंय.

तुझी,
ब्रेदा


बाहिया ब्लांका
१९ जून १९९६

ब्रेदा,

पत्र मिळालं. अनाईनं तुला लिहिलं हे मला कळलं होतं. पाकिटाला तिकीट तिनं माझ्याच डब्यातलं लावलं. लेक गुप्तहेर व्हायची नाही, एवढी तरी खात्री पटली.

माझं उत्तर नाही असं आहे. तिला कळव की सामान खराब झालंय. पदर सुटलाय म्हण, कातडी उंदरांनी खाल्ली म्हण. मी म्हटलं तर खपणार नाही, मी तिला लहानपणापासून सोयीचं खोटं सांगत आले. तू खोटं कधीच बोलत नाहीस, त्यामुळे तुझं पहिलंच खोटं छान खपेल. जपून ठेवलंस इतकी वर्षं, आता माझ्यासाठी एकदा वापर.

आणि त्या स्की तू घासून ठेवल्यास? आमच्या बंदरात बुडालेल्याची होडी कुणी रंगवून पुन्हा पाण्यात सोडत नाही. तिला उलटी करून ठेवतात, आणि तिच्याखाली कोंबड्या राहतात. तुम्हा डोंगराच्या लोकांना गोष्टी वापरायचीच खोड. मेलेल्याचं जाकीटसुद्धा 'अजून गरम आहे' म्हणून घालाल.

पिशवी कपाटात आहे. बांधली होती तशीच आहे. उघडणार नाही, विचारू नकोस.

थंडीत छातीला निलगिरीचं तेल लाव. औषधाच्या दुकानात काम करणारीनं सांगितलंय म्हणून नाही, तर दर हिवाळ्यात तू खोकतेस म्हणून.

नोएमी


पिएद्रा सोला
५ जुलै १९९६

प्रिय वहिनी,

मी प्रयत्न केला. 'स्कीचा पदर सुटला आहे' एवढंच लिहायचं होतं. लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं. मग सेल्सोबाबाच्या हातून परत मागून घेतलं. तो म्हणाला, "बाई, घोडा जाऊन येऊन पत्रापेक्षा जास्त थकला." अनाई उद्या इथं येऊन ती स्की स्वतः वाकवून बघेल, मग ती माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. बर्फात मी 'थांब' म्हटलं तर तिनं थांबायला हवं. तेवढ्यासाठी मला तिच्याशी खरं राहायला हवं. ही सबब आहे की कारण, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारते आहे.

मी तिला फक्त एवढं कळवलं की आईचा होकार नसताना माझाही नाही.

आता दुसरी गोष्ट. लिहू की नको अशी. पण न लिहिणं हेही लपवणंच आहे.

सकाळी दारातून सगळे गेले, की माझ्या कानात आणखी एक टिकटिक राहते. अगदी बारीक. पहिल्यांदा वाटलं, बाहेर थांबलेल्यांपैकी कुणाची असेल. म्हणून सगळ्यांना पार लेंगाच्या झाडांपर्यंत पुढे पाठवलं. तरी होती. मग वाटलं, कोठीतल्या पेटीत एखादा जादा रातकिडा चालू राहिला असेल. पेटी उघडली. एकाही रातकिड्यात बॅटरी नाही, मीच उन्हाळ्यात काढून ठेवल्या होत्या. स्वतःचा तर ऐकू येतच नाही, ऐकणारा बोलत नसतो.

सेल्सोबाबाला ऐकवली. त्यानं टोपी मागे सारून कान लावला आणि म्हणाला, "ही तुमच्या पवनचक्कीची वायर. उघडी पडली की असं करते." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दुसरं काही मनात आणू नका, बाई. मेलेल्या माणसाची बॅटरी दोन हिवाळे टिकत असती, तर मी आज बॅटऱ्यांचं दुकान काढून बसलो असतो."

तो म्हणतो ते बरोबर असेल. मी भूगोल शिकले आहे, मला भुतं शिकवलेली नाहीत. पण वायरीचा आवाज सगळीकडून सारखा येतो. या आवाजाला दिशा आहे. यंत्र ओढ्याकडे धरलं की वाढतो, छपराकडे धरलं की कमी होतो. दादा ओढ्याच्या वरच सापडला होता, शोधणाऱ्यांच्या पायवाटेपासून हाकेच्या अंतरावर. सगळे त्याच्या अंगावरून गेले असतील, कारण कुणाच्याच कानात काही वाजलं नाही.

तुला घाबरवायला लिहीत नाही. रोज सकाळी मला ते ऐकू येतं आणि मी मान हलवते. कुणासाठी, ते मला माहीत नाही.

ब्रेदा


बाहिया ब्लांका
१५ जुलै १९९६

ब्रेदा,

अनाई काल संध्याकाळच्या बसनं निघाली. मी दुकानातून आले तेव्हा टेबलावर चिठ्ठी होती, शेजारी माझ्यासाठी झाकून ठेवलेलं जेवण. बापाची तऱ्हा. भांडण करून जायचं ते गरम जेवण मागे ठेवून.

तिला दारातून परत पाठव. का, ते आता लिहिते. एकदाच लिहीन, पुन्हा विषय काढू नकोस.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी मातियाशी, तुझ्या दादाशी, रेडिओवर बोलले होते. तुला एवढंच माहीत आहे की बोलले. मी म्हटलं होतं, "हा हिवाळा संपला की कायमचा खाली ये, नाहीतर येऊच नकोस. तुझी वाट बघून मला कंटाळा आला." तो म्हणाला, "बरं, मग मला शोधत येऊ नका." आणि हसला. रेडिओवर हसणं आणि खरखर सारखीच वाटते, ब्रेदा. मी दोन वर्षं ते परत परत ऐकते आहे, आणि ते हसणं होतं की खरखर, मला सांगता येत नाही.

तो सापडला तेव्हा यंत्र त्याच्या छातीवर होतं, पट्टा नीट आवळलेला. आणि तरीही ते बोललं नाही. बारिलोचेत लोक म्हणाले, जुनी बॅटरी असेल, दिव्याखाली अंधार. मातियाकडे जुनी बॅटरी? जो माणूस बॅटरीवर पेनानं महिना लिहायचा, लोण्याच्या पाकिटासारखा? मग दुसरं काय उरतं, तू सांग. त्यानं ते बंद केलं. त्याला सापडायचं नव्हतं. मीच सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून.

म्हणून पिशवी उघडत नाही.

आणि अनाई दुखावली की रडत नाही, हसते. तसंच. मला बर्फाची भीती वाटत नाही. मला त्या हसण्याची वाटते, ते घेऊन ती वर जाईल याची. तू तिला बघत राहा. नाही, बघत राहू नकोस, परत पाठव.

नोएमी


पिएद्रा सोला
२६ जुलै १९९६

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी बऱ्याचदा वाचलं. त्यावर काहीही लिहिण्याआधी अनाईबद्दल सांगते, म्हणजे तुझा जीव खाली बसेल. ती इथं आहे, खातेपिते आहे, सर्दीशिवाय तिला काही झालेलं नाही.

आली ती तुझ्या पत्राबरोबरच, वादळामुळे खाली अडकून पडल्यावर, सेल्सोबाबाच्या घोड्यामागून चालत, भुवयांवर बर्फ घेऊन. मी दारात होते. म्हणाली, "आत्या, परत पाठवायचं असेल तर आधी जेवायला घाल." मसुराचं कालवण होतं. तिनं दोन थाळ्या खाल्ल्यावर मी म्हटलं, "तुझ्या आईनं तुला दारातून परत पाठवायला सांगितलंय." ती म्हणाली, "दार तर मागे राहिलं. आता मी स्वयंपाकघरात आहे."

पाठवली नाही मी. रस्त्यावर बर्फाचं वादळ होतं, हे खरं आहे. वादळ नसतं तरी पाठवली असती का, हे मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सामान काढलं. मी ठरवलं होतं की तिला भावनेनं काही निवडू द्यायचं नाही. आधी बूट. माणूस स्कीवर चालत नाही, बुटात चालतो. निवाऱ्यातले सगळे बूट तिच्या पायात घालून बघितले, मोज्याची एक सुरकुती राहू दिली नाही, जिने चढायला लावले. तिसऱ्या जोडात टाच हलेना आणि बोटं हलली, तेव्हा तो ठरला. ती वैतागली. "आत्या, लग्नाचे बूट असे बघून घेत नाहीत." मी म्हटलं, "लग्नात पाय सुन्न झाले तर माणूस बसू शकतो."

मग स्की. मी तिच्यासमोर दोन जोड ठेवले, दादाचा आणि निवाऱ्यातला एक आखूड. कुठला कुणाचा ते तिला बघताक्षणी कळलं. तिनं ओढ्यातली स्की उचलली, शेपटीकडे वाकवून पाहिली, मी पाहिली होती अगदी तशी. हे तिला कुणी शिकवलं होतं? ती म्हणाली, "चांगली आहे." मग उभी धरली. टोक तिच्या डोक्यावरून हातभर वर गेलं. "पण मला लांब आहे. वळणार नाही." आणि आखूड जोड घेतला. मी तिला काही बोलले नव्हते, वहिनी. तुला हे कळावं म्हणून लिहिते. तिनं बापाची स्की खाली ठेवली, आणि हसलीही नाही आणि रडलीही नाही.

कातडी मात्र दादाचीच घेतली. डिंक वाळून पापुद्रे आले होते. कागद ठेवून इस्त्री फिरवली, जुना डिंक खरवडला, नवा लावला, आणि तिच्या स्कीच्या मापानं दोन्ही कडा कापल्या. कापताना माझा हात अडला. ती म्हणाली, "दे इकडे," आणि कात्री चालवली. मग नाकाशी धरून म्हणाली, "बाबाच्या कातडीला बाबाचा वासच नाही. इस्त्रीचा येतोय."

आता जे लिहायचं ते.

परवा सकाळी कोर्दोबाची काही मंडळी, अनाई आणि मी मिळून जंगलातल्या सोप्या उतारावर जाणार होतो. मी दारात उभी राहिले. एकेक जण गेला. अनाई सगळ्यांत शेवटी. तिची टिकटिक आली, मी मान हलवली, पण ती बाहेर पडेना.

"आता तू," ती म्हणाली.

"माझं काय?"

"तुझा कोण ऐकतं?"

"अगं, मी सगळ्यांच्या मागून येते. दारातल्या माणसाचा कोण ऐकणार?"

"तेच विचारतेय. बाबाचा कोण ऐकायचं?"

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, लग्नाची बोलणी आहेत का? ऊन निघून चाललं!" मी म्हटलं चला, पोरीचं समाधान. जाकिटाची चेन लावली, इतर माझ्या समोरून जातात तशी तिच्या समोरून गेले. तिनं स्वतःचा रातकिडा 'ऐक'वर केला होता, कानाशी धरला होता. तिनं मान हलवली नाही. मला पुन्हा मागे जायला लावलं, पुन्हा चालवलं.

मग म्हणाली, "आत्या, तू नाहीस."

चेन उघडली. माझी खटकी 'ऐक'वरच होती. ऐकून झाल्यावर ती मी 'सांग'वर सरकवते. सरकवते असं मी आजवर धरून चालले होते. रोज सरकवली का? शपथ घेता येत नाही, वहिनी. किती दिवस मी या डोंगरावर नुसती ऐकत फिरले असेन, कुणाला काहीच न सांगता.

मी त्या दिवशी गेले नाही. चुलीपाशी बसले आणि दादाची ती सकाळ आठवली, तेव्हा हजर असलेल्यांनी सांगितली होती तशी. खूप पाहुणे होते. त्यानं दारात उभं राहून सगळ्यांचे रातकिडे ऐकले, त्यांना पुढे पाठवलं, आत येऊन चूल झाकली, आणि पाण्याची नळी गोठली का ते बघायला एकटाच ओढ्याकडे गेला, आणि तिथं वरून बर्फ त्याच्या अंगावर आलं. त्याचा कुणी ऐकला नाही. कारण ऐकणारा तोच होता.

मला माहीत आहे तू विचारू नकोस म्हणालीस. मी विचारते. पिशवी उघड. बॅटरी बघू नकोस, ती मेलेलीच असणार. बाजूची खटकी बघ. तिला तीन घरं आहेत, 'बंद', 'सांग' आणि 'ऐक'. जिथं असेल तिथं ती दोन वर्षं तशीच असणार, आपोआप सरकत नाही.

तुझं समाधान करायला मी हे लिहीत नाही. ती 'बंद'वर असेल, तर तू म्हणतेस ते खरं. मग मी अनाईला खाली घेऊन येईन, स्वतः, तुझ्या दारापर्यंत. तसं असलं तरी कळव. तुझं उत्तर येईतो तिला झाडांच्या वर नेणार नाही. का, ते तिला सांगितलेलं नाही.

ब्रेदा


पिएद्रा सोला
६ ऑगस्ट १९९६

प्रिय वहिनी,

उत्तर नाही. मी तुला घाई करत नाही आहे. सेल्सोबाबा रिकाम्या हातानं येतो आणि मी काही विचारायच्या आत म्हणतो, "पत्र नाही, बटाटे आहेत."

अनाई रोज जंगलात जाते, रोज वरच्या मोकळ्या उताराकडे बघते. आता बर्फ बसलंय, थंडी कोरडी आहे, असे दिवस फार मिळत नाहीत. ती विचारते, "आपण कुणाची वाट बघतोय?" मी म्हणते, हवामानाची. हे माझं पहिलं खोटं. तू म्हणाली होतीस तसं छान खपलं, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

सकाळी आता दारात आम्ही दोघी असतो. मी सगळ्यांचे ऐकते, ती माझा. कोर्दोबाची मंडळी हसली होती. आता जाताना तीच विचारतात, "मावशी, तुमचं झालं का?"

तुला कळवायचं होतं ते असं. ती जास्तीची टिकटिक थांबली.

शनिवारी होती. रविवारी सकाळीही होती, नेहमीपेक्षा स्पष्ट. अनाईलाही ऐकवली, पहिल्यांदाच. तिनं यंत्र ओढ्याकडे धरलं, बराच वेळ ऐकलं, आणि परत दिलं. दुपारी तिनं शिडी लावून पवनचक्कीची वायर शोधली, खरंच एका जागी उघडी होती, तिला पट्टी गुंडाळली. सोमवारी सकाळी कानात काही नव्हतं. आजही नाही.

म्हणजे सेल्सोबाबाचं बरोबर होतं. वायर नीट झाली, आवाज गेला. आवाजाला दिशा होती असं मला वाटलं, तेही माझ्याच हातांनी मला दाखवलं असेल. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी त्याला हेच समजावलं असतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आज सगळे गेल्यावर मी यंत्र ओढ्याकडे धरून उभी राहिले, आणि काही ऐकू आलं नाही, तेव्हा मला सगळं घर रिकामं झाल्यासारखं वाटलं. अनाई समोर उभी होती, माझा ऐकायला. तिनं किती वेळ वाट बघितली कोण जाणे. मग हळूच म्हणाली, "आत्या, आता सांगवर कर. चल."

ब्रेदा


बाहिया ब्लांका
५ ऑगस्ट १९९६

ब्रेदा,

काल, रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर पिशवी उघडली. तुझं पत्र त्याआधी कितीतरी दिवस साखरेच्या डब्याखाली होतं. रोज चहाला ते दिसावं आणि मी साखर न घालता चहा प्यावा, असं चाललं होतं. मधुमेह नसताना मी बिनसाखरेची झाले.

आत त्याचा एक हातमोजा होता, चाकू, 'माते' हा चहा प्यायची नळी, आणि तो. खोबणीत बॅटरी फुटून हिरवट झालं होतं. मी आधी तेच साफ करायला घेतलं. तो क्षार असतो, पाण्यानं जात नाही, व्हिनेगर लागतं. कापसाच्या बोळ्यानं एकेक टोक पुसलं. माझ्या लक्षात आलं की मी खटकीवर अंगठा ठेवून पुसते आहे. मुद्दाम. दिसू नये म्हणून.

मग अंगठा काढला.

'ऐक'वर होती.

मी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, खिडकीत नेऊन वाचलं. बोटांनी चाचपलं. 'ऐक'.

तो हसला होता, ब्रेदा. खरखर नव्हती. माझ्या बोलण्यावर हसला होता, नेहमीसारखा, आणि सकाळी उठून लोकांच्या जिवाची काळजी करत दारात उभा राहिला, आणि स्वतःला विसरला. एवढंच. एवढंसं. बोटाच्या पेराएवढी खटकी. मला वाटलं होतं, हे कळलं तर मी सुटेन. सुटले म्हणू नकोस. आधी वाटायचं त्याला माझा राग होता, आता मला त्याचा येतो. पण हा राग नवऱ्यावरचा आहे. चुलीवर दूध ठेवून विसरलेल्या माणसावरचा. हा मला पेलतो.

एक गोष्ट मनातून जात नाही. 'ऐक'वर असताना त्याला दुसऱ्यांचे ऐकू येतात ना? संध्याकाळी ती मंडळी उतरून निवाऱ्याकडे परत आली, त्याच वाटेनं. त्यांचे सगळे 'सांग'वर असणार. नको. उत्तर देऊ नकोस. तुला माहीत असलं तरी देऊ नकोस.

अनाईला वर जाऊ दे. झाडांच्या वर, जिथं तिला जायचं असेल तिथं. तिला यंत्र नवं घे. ज्याची खटकी आपोआप परत 'सांग'वर येते, असं आता मिळतं म्हणे, दुकानात येणारा एक मुलगा सांगत होता. आणि मिळालं तरी दारात दोघींनी उभं राहायचं. अनाईनं ती स्की लांब म्हणून खाली ठेवली, हे तू लिहिलंस ते मी शेजारणीला वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण तिनं माझा हात धरला.

त्याचा रातकिडा मात्र मी देणार नाही.

त्यात नव्या बॅटऱ्या घातल्या. वर पेनानं महिना लिहिला. खटकी घट्ट बसली होती, चमच्याच्या दांड्यानं रेटली तेव्हा टक्कन 'सांग'वर आली. आणि ब्रेदा, तो लुकलुकला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय, डोंगराच्या दिशेला, म्हणजे मला जी दिशा वाटते तिकडे. इथून कुणाला ऐकू जाणार नाही हे मला माहीत आहे. अंगणाच्या पलीकडेसुद्धा जात नाही, असं तोच सांगायचा. बॅटरी संपेपर्यंत राहू दे. संपली की बदलेन.

काल दिवेलागणीला शेजारीण कुंपणावरून विचारत होती, "नोएमी, खिडकीत काय गं लुकलुकतंय?"

म्हटलं, "घरचा माणूस आहे. कुठं आहे ते सांगतोय."

नोएमी